नागरी बसमधील स्वयंचलित गिअरबॉक्स : बिघाडाची प्रारंभिक लक्षणे आणि चालकाच्या नोंदीचे महत्त्व

बीजसंज्ञा : सार्वजनिक वाहतूक, स्वयंचलित गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, प्रतिबंधात्मक देखभाल, चालकाची नोंद

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील महानगरांच्या बससेवेत मोठे स्थित्यंतर घडून आले. बंगळूरमध्ये २००६ पासून वातानुकूलित व्होल्व्हो बस शहरी मार्गांवर धावू लागल्या. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने सीएनजीवर चालणाऱ्या निम्नतल बस मोठ्या संख्येने दाखल झाल्या. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नूतनीकरण अभियानातून २००९ मध्ये अनेक शहरांना बसखरेदीसाठी केंद्राचे अर्थसाहाय्य मिळाले. या नव्या बसचा उल्लेख झाला की रुंद दरवाजे, खाली आणलेली पायरी, वातानुकूलन यांची चर्चा होते. तथापि चालकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल वेगळाच होता. बंगळूरच्या व दिल्लीच्या या बसमध्ये त्याच्या डाव्या पायाखालचा क्लच गेला आणि डाव्या हाताखालचा गिअरचा दांडाही गेला. त्यांच्या जागी आली ती काही बटणे आणि स्वयंचलित गिअरबॉक्स, म्हणजेच ऑटोमॅटिक ट्रान्समिशन.

या बदलाने चालकाचे श्रम कमी झाले, हे निर्विवाद होय. परंतु त्याचबरोबर यंत्राच्या प्रकृतीची चाहूल घेण्याचे एक जुने साधनही नाहीसे झाले. हाताने गिअर बदलणाऱ्या चालकाला क्लच घसरतो आहे की नाही हे पायाला कळे आणि गिअर अडतो आहे की नाही हे तळहाताला कळे. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हा थेट स्पर्श उरत नाही. बिघाडाची लक्षणे तेथेही दिसतात, पण ती आवाज, विलंब, थरथर, वास आणि उष्णता यांच्या रूपाने दिसतात. ती ओळखावी लागतात आणि ओळखल्यावर नेमक्या शब्दांत लिहावी लागतात.

इंजिनाच्या खालोखाल बसमधील महागड्या यंत्रभागांत या गिअरबॉक्सची गणना होते. प्रारंभी लक्षात आलेला दोष अनेकदा तेल, गाळणी किंवा एखादे सील बदलून दूर होतो. तोच दोष दुर्लक्षित राहिला तर संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बस कित्येक दिवस आगारात उभी राहते आणि तिच्या फेऱ्या रद्द होतात. त्याचा भार अखेरीस थांब्यावर ताटकळणाऱ्या विद्यार्थी, कामगार व रुग्ण अशा प्रवाशांवर पडतो. म्हणून हा विषय केवळ कार्यशाळेपुरता मर्यादित मानता येत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) स्वयंचलित गिअरबॉक्सची रचना व कार्य सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने मांडणे.
२) नागरी बससेवेत या यंत्रावर पडणाऱ्या ताणाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) बिघाडाच्या प्रारंभिक लक्षणांचा व त्यांमागील कारणांचा परामर्श घेणे.
४) चालकाच्या नोंदीचे देखभाल व्यवस्थेतील स्थान विशद करणे.

यंत्राची रचना व कार्य

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवले आणि त्यांपैकी एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. वाऱ्याऐवजी तेल वापरले आणि दोन्ही पंखे एका बंद कवचात ठेवले की टॉर्क कन्व्हर्टरची मूळ कल्पना हाती येते. इंजिनाला जोडलेले चाक तेल फेकते आणि गिअरबॉक्सला जोडलेले चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरते. या दोहोंमध्ये स्टेटर नावाचे तिसरे चाक असते. परत येणाऱ्या तेलाची दिशा ते बदलते आणि त्यामुळे बस जागची हलताना इंजिनाचे पीळबल सुमारे दुपटीने वाढवून मिळते. द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेण्याच्या या तत्त्वाचे पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये घेतले. त्यांच्यासमोरील प्रश्न मोटारीचा नव्हता. तो जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनला प्रोपेलर जोडण्याचा होता. पुढे हेच तत्त्व रस्त्यावरील वाहनांत आले. फॉइथ या जर्मन कंपनीने १९५२ मध्ये बससाठी डिवा ही गिअरबॉक्सची मालिका आणली, तर झेडएफ कंपनीची इकोमॅट मालिका १९८० पासून प्रचारात आली.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेले दंतचक्रांचे संच असतात. मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे फिरतात आणि त्यांना बाहेरून एक कडे वेढून असते. यांपैकी कोणता भाग रोखून धरायचा आणि कोणता मोकळा सोडायचा यावर गिअर ठरतो. रोखण्याचे व जोडण्याचे काम तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या करतात आणि त्या चकत्यांना दाबण्याचे काम तेलाचा दाब करतो. हा दाब इंजिनाबरोबर फिरणारा पंप निर्माण करतो. कोणत्या क्षणी कोणत्या चकत्यांवर दाब द्यायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. बसने पुरेसा वेग घेतला की लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो, त्यामुळे तेलातील घसरण थांबते व इंधन वाचते. बहुतेक नागरी बसमध्ये याच यंत्रात रिटार्डर ही तेलाच्या विरोधाने वेग कमी करणारी यंत्रणाही समाविष्ट असते.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानात येते. शक्ती वाहून नेणे, चकत्या दाबणे, वंगण पुरवणे, उष्णता बाहेर नेणे आणि बसचा वेग रोखणे ही पाचही कामे एकच तेल करते. त्यामुळे या यंत्राच्या बहुसंख्य विकारांची सुरुवात तेलात होते किंवा त्यांची खूण तरी तेलात उमटते.

नागरी बससेवेतील ताण

महामार्गावर धावणारी बस एकदा वरच्या गिअरमध्ये गेली की बराच काळ तेथेच राहते. शहरातील बसचे तसे नसते. उदाहरणादाखल, एका फेरीत ४० थांबे आणि २० सिग्नल लागणारा मार्ग घेतला, तर बस ६० वेळा थांबते व सुटते. चार गिअरची बस प्रत्येक वेळी तीनदा वर व तीनदा खाली गिअर बदलते असे धरल्यास एका फेरीत ३६० बदल होतात. दिवसाला आठ फेऱ्या धरल्या तर ही संख्या २,८८० होते आणि वर्षातील ३०० कामकाजी दिवसांत ती साडेआठ लाखांच्या पुढे जाते. यांतील प्रत्येक बदलात चकत्या क्षणभर एकमेकींवर घासतात.

याशिवाय उष्णतेचा प्रश्न असतो. बस उभी असताना गिअर लागलेला असेल आणि इंजिन जोर करीत असेल, तर कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य असते, म्हणजे त्याच्याकडे आलेली सर्व शक्ती तेल तापवण्यात खर्च होते. थांबण्याच्या वेळीही उष्णता निर्माण होते. १६ टन वजनाची भरलेली बस ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबली, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १० लाख ज्यूल असते. तीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणण्यास साधारणपणे एवढीच उष्णता लागते. यातील मोठा वाटा रिटार्डरमार्फत तेलात आणि तेथून शीतकामार्फत इंजिनाच्या पाण्यात जातो. दर काही मिनिटांनी हे चक्र पुन्हा घडते. त्यात उन्हाळ्यातील ४० अंशांच्या पुढचे तापमान, रेडिएटरवर साचलेली धूळ आणि खोळंबलेली वाहतूक यांची भर पडली की तेलाला थंड होण्यास उसंत मिळत नाही.

बिघाडाची प्रारंभिक लक्षणे

चालक व यांत्रिकी कर्मचारी जे शब्द सहजपणे वापरतात, त्यांतच पुष्कळदा निदान दडलेले असते. म्हणून येथे लक्षणांचे वर्गीकरण त्या प्रकारच्या बोलीतूनच केले आहे.

१) ‘गाडी उशिरा पकडते’ : न्यूट्रलमधून ड्राइव्हचे बटण दाबल्यावर बसने साधारण एक-दोन सेकंदांत गिअर घेणे अपेक्षित असते. विलंब वाढू लागला तर तेलाची पातळी कमी असणे, गाळणी तुंबणे, पंप अशक्त होणे किंवा सील कडक होणे या शक्यता असतात. विलंब केव्हा होतो हे येथे महत्त्वाचे ठरते. रात्रभर उभ्या असलेल्या बसला सकाळी पहिल्याच वेळी थोडा उशीर लागला आणि नंतर लागला नाही, तर कन्व्हर्टरमधील तेल रात्री खाली उतरले असण्याची शक्यता असते. उलट बस तापल्यावर विलंब वाढत असेल, तर पातळ झालेले तेल आतल्या आत गळून दाब कमी पडत असल्याचा संशय घ्यावा लागतो. हा दुसरा प्रकार अधिक गंभीर होय.

२) ‘इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही’ : गिअर बदलताना इंजिनाचे फेरे एकाएकी वाढतात, मात्र त्या प्रमाणात वेग वाढत नाही. चकत्या घट्ट न धरता घसरत असल्याचे हे लक्षण आहे. घसरणीतून उष्णता वाढते, उष्णतेने चकत्यांवरील अस्तर जळते आणि जळालेल्या अस्तराने घसरण आणखी वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की अल्पकाळात यंत्राची हानी होते. प्रस्तुत यादीत तातडीच्या दृष्टीने या लक्षणाचा क्रम पहिला लागेल.

३) ‘गाडी धक्का मारते’ : विशिष्ट गिअरला किंवा थांबण्यापूर्वी खालच्या गिअरवर येताना झटका बसतो. नियंत्रक झडपा अडकणे, दाबाचे नियमन बिघडणे किंवा वेगमापक संवेदकाकडून चुकीचा संकेत येणे ही याची कारणे असू शकतात. उभ्या प्रवाशांच्या दृष्टीने हा दोष थेट सुरक्षिततेचा ठरतो. वृद्ध प्रवासी बसमध्ये पडण्यास असा एक झटका पुरेसा होतो.

४) ‘गाडी थरथरते’ : मध्यम वेगावर, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रस्त्यावरील बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते आणि काही क्षणांत थांबते. लॉक-अप क्लच जोडला जात असताना पकडतो व सुटतो, तेव्हा असे घडते. तेल जुने झाल्यामुळे त्याचे घर्षणविषयक गुणधर्म बदलणे हे याचे प्रमुख कारण असून या अवस्थेत तेल बदलल्याने दोष दूर होण्याची शक्यता असते. याउलट लॉक-अप क्लच सुटलाच नाही, तर बस थांबताना इंजिन बंद पडते. तो मुळीच जोडला गेला नाही, तर इंधनाचा खप वाढतो व तेल तापते, परंतु चालकाला फारसे काही जाणवत नाही.

५) ‘सारखे गिअर बदलते’ : एकाच वेगावर बस दोन गिअरांमध्ये वर-खाली करीत राहते. ॲक्सिलरेटर किंवा वेग यांचे संवेदक, तारांचे सैल जोड आणि इंजिनाची कमी झालेली शक्ती या बाबी प्रथम तपासाव्या लागतात. येथे गिअरबॉक्स स्वतः निर्दोष असण्याचा संभव बराच असतो.

६) ‘सुटताना जोर नाही, पुढे ठीक आहे’ : स्टेटरमधील एकाच दिशेने फिरू देणारा क्लच निकामी झाला, तर सुटताना मिळणारी पीळबलाची वाढ नाहीशी होते आणि बस जड वाटते. एकदा वेग आला की ती बरी चालते. केवळ इंजिनाकडे बोट दाखवल्याने हा दोष सापडत नाही.

७) ‘आतून आवाज येतो’ : आवाजाचे स्थान परिस्थितीवरून ठरवता येते. बस उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि तरीही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारा किणकिणाट ऐकू येत असेल, तर पंप हवा ओढतो आहे, गाळणी तुंबली आहे किंवा कन्व्हर्टरमध्ये दोष आहे असे अनुमान निघते. आवाज फक्त एका गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरच्या दंतचक्रांकडे व बेअरिंगांकडे लक्ष जाते. आवाज गिअरनुसार न बदलता केवळ बसच्या वेगानुसार बदलत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट किंवा मागील धुरी यांची तपासणी अगोदर करावी लागते.

८) ‘रिटार्डर लागत नाही’ : वेग कमी करताना पूर्वीइतका विरोध जाणवत नाही आणि पायाचा ब्रेक अधिक दाबावा लागतो. हे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण बस थांबतच असते. तथापि सर्व भार चाकांच्या ब्रेकवर आल्याने अस्तर लवकर झिजते आणि लांब उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड मंदावण्याचा धोका उद्भवतो. एखाद्या बसचे ब्रेक अस्तर इतरांपेक्षा वारंवार बदलावे लागत असेल, तर रिटार्डरची चौकशी झालीच पाहिजे.

९) ‘खाली तेल पडते’ : बस उभी करण्याच्या जागेवरील डाग दररोज पाहिल्यास गळतीचा उगम लवकर सापडतो. गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर असते. इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते आणि वातानुकूलन यंत्रणेतून पडते ते केवळ पाणी असते. शीतकाच्या नळ्या, तळाचे गॅस्केट आणि मागील सील ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. गळतीने पातळी कमी होते हा एक भाग झाला. दाबाखालील तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले तर ते पेट घेऊ शकते, म्हणून ‘थोडीशी गळती’ ही नोंद किरकोळ समजता येत नाही.

तेलाची तपासणी

ताजे तेल पारदर्शक व लालसर असते. ते तपकिरी-काळे होऊन त्याला जळका वास येत असेल, तर चकत्यांचे अस्तर जळल्याचा संशय येतो. मात्र काही कृत्रिम तेले वापरात स्वाभाविकपणेच गडद होतात, त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय घेणे योग्य नाही. रंग आणि वास दोन्ही पाहावे लागतात. तेल दुधाळ गुलाबी दिसत असेल, तर शीतकामध्ये गळती होऊन इंजिनाचे पाणी तेलात मिसळले आहे, असे समजावे. त्या पाण्यातील ग्लायकॉल चकत्यांच्या अस्तराचे चिकटबंध खराब करते. म्हणून अशी बस मार्गावर पाठवू नये. बोटांत चोळल्यावर चंदेरी कण जाणवत असतील, तर धातूची झीज सुरू झालेली असते. प्रयोगशाळेत लोह, तांबे व सिलिकॉन यांचे प्रमाण तपासून झिजणाऱ्या भागाचा अंदाज घेता येतो. सिलिकॉन वाढले असेल तर बहुधा बाहेरची धूळ आत गेलेली असते.

पातळी तपासण्याची रीत उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावी लागते. सामान्यतः बस सपाट जागी उभी असावी, तेल कार्यतापमानास आलेले असावे आणि इंजिन सुरू असावे, असा संकेत आहे. थंड अवस्थेतील मापावर विसंबून तेल अधिक भरले जाण्याची चूक होऊ शकते. जास्त तेल फिरत्या भागांना लागून फेसाळते, फेसातील हवेमुळे दाब कमी पडतो आणि परिणाम तेल कमी असल्यासारखाच होतो.

तापमानाविषयी प्रत्येक उत्पादकाच्या मर्यादा वेगळ्या असतात. साधारणपणे तळातील तेल ७० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे समाधानकारक मानले जाते आणि ते १२० अंशांच्या पुढे जाऊन तेथेच राहणे चिंताजनक असते. रिटार्डर वापरताना काही क्षण वाढणारे तापमान आणि सतत चढत जाणारे तापमान यांत भेद केला पाहिजे.

सदृश लक्षणे व चुकीचे निदान

सर्व धक्के गिअरबॉक्समधून येत नाहीत. इंजिनाचे माउंटिंग सैल असेल तर सुटताना झटका बसतो. प्रोपेलर शाफ्टचा सांधा झिजला असेल तर गिअर लागताना ‘खट्’ असा आवाज येतो. बसची विद्युत यंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते. बॅटरी अशक्त असल्यास किंवा अर्थिंगची तार गंजल्यास नियंत्रकाला अपुरे व्होल्टेज मिळते आणि तो अकारण दोष नोंदवतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी तेल, तारांचे जोड, व्होल्टेज, माउंटिंग आणि शाफ्ट या पाच बाबी क्रमाने तपासणे किफायतशीर ठरते.

इशारा दिव्याची मर्यादा

नियंत्रक दोष ओळखतो, तो सांकेतिक क्रमांकाने साठवतो आणि डॅशबोर्डवरील दिवा लावतो. गंभीर प्रसंगी तो बस एकाच गिअरमध्ये बांधून ठेवतो. अशी सोय असताना मानवी निरीक्षणाची आवश्यकता काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

त्याचे उत्तर यंत्राच्या गुणातच आहे. आधुनिक नियंत्रक चकत्यांची झीज ओळखून दाब व वेळ यांत सूक्ष्म फेरफार करतो, त्यामुळे गिअर पूर्वीइतकेच अलगद बदलतात. झीज वाढत असते आणि नियंत्रक ती भरून काढत असतो. भरून काढण्याची मर्यादा संपली की दोष एकदम प्रकट होतो. शिवाय गळतीचा डाग, जळका वास किंवा बेअरिंगची घरघर यांसाठी बसमध्ये बहुधा संवेदकच नसतो. दिवा लागेपर्यंत थांबणे म्हणजे प्रारंभिक अवस्था हातची घालवणे होय.

चालकाची नोंद : देखभालीचा दुवा

माणसाच्या निरीक्षणालाही मर्यादा आहेत. रोज एकच बस चालवणाऱ्या चालकाला तिच्यातील संथ बदल सवयीने जाणवेनासे होतात. दररोज वेगळी बस मिळणाऱ्या चालकाला तिची कालची प्रकृती ठाऊक नसते. या दोन्ही उणिवांवर उपाय एकच आहे, तो म्हणजे लेखी नोंद. एका चालकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचले आणि यांत्रिकी कर्मचाऱ्याने दोन्ही ताडून पाहिले, तरच विखुरलेल्या अनुभवाचे माहितीत रूपांतर होते.

मात्र नोंदीची भाषा नेमकी असावी लागते. ‘गिअर बरोबर नाही’ या नोंदीवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. ‘गाडी गरम झाल्यावर, भरलेली असताना, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचा आवाज वाढतो, ओढ कमी पडते’ ही नोंद निम्मे निदान करते. यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत : दोष कोणत्या गिअरला किंवा वेगाला येतो? बस थंड असताना येतो की गरम असताना? रिकामी असताना की भरलेली असताना? कधीपासून व किती वेळा? हे चार प्रश्न आगारातील नोंदपत्रकावर मराठीत छापले, तर कमी शिकलेल्या चालकालाही नेमके लिहिता येईल.

येथे एक सामाजिक बाजूही विचारात घ्यावी लागते. दोष लिहिला की तो आपल्याच चालवण्यावर ढकलला जाईल, अशी भीती चालकाला वाटत असेल, तर तो लिहीत नाही. लिहिलेल्या दोषाचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, तर तो काही दिवसांनी लिहिणे सोडून देतो. म्हणून नोंदीसमोर केलेली दुरुस्ती लिहून ती चालकास दाखवणे आवश्यक आहे. तंत्रज्ञान कितीही प्रगत असले तरी माहितीचा हा प्रवाह विश्वासावरच चालतो.

चालकाच्या काही सवयीही यंत्राचे आयुष्य ठरवतात. इंधन वाचवण्याच्या समजुतीने उतारावर न्यूट्रल लावल्यास इंजिन व रिटार्डर यांचा विरोध नाहीसा होतो आणि गिअरबॉक्सला इजा पोहोचू शकते. बस पूर्ण थांबण्यापूर्वी रिव्हर्स लावणे आणि इंजिनाचे फेरे वाढवून मग गिअर लावणे हेही तितकेच घातक आहे. बंद पडलेली बस ओढून नेताना तर विशेष दक्षता हवी. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही व वंगण मिळत नाही, म्हणून प्रोपेलर शाफ्ट सोडवल्याशिवाय बस ओढू नये. किरकोळ दोषाने थांबलेल्या बसचा गिअरबॉक्स केवळ ओढून नेण्याने निकामी होऊ शकतो.

बदलते तंत्रज्ञान

प्रस्तुत विवेचन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्सला लागू आहे. लांब पल्ल्याच्या काही बसमध्ये आढळणारी स्वयंनियंत्रित मॅन्युअल प्रणाली वेगळी होय. तिच्यात नेहमीचा कोरडा क्लच असतो आणि फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. विद्युत बसमध्ये सामान्यतः कन्व्हर्टरही नसतो व अनेक गिअरही नसतात. पुण्यात २०१९ पासून विद्युत बस धावू लागल्या आणि राज्य परिवहन महामंडळाची शिवाई ही विद्युत बस २०२२ मध्ये सुरू झाली. हा ओघ वाढता असला, तरी डिझेल व सीएनजीवरील स्वयंचलित बस सेवेत आहेत तोवर त्यांची निगा राखणे क्रमप्राप्त आहे. वाढत्या वयाच्या बसला लक्ष अधिक लागते. शिवाय लक्षण पाहणे, परिस्थितीसह लिहिणे आणि ताडून पाहणे ही शिस्त विद्युत बसच्या मोटारीला व बॅटरीलाही तितकीच उपयोगी पडणारी आहे.

निष्कर्ष

१) स्वयंचलित गिअरबॉक्सचे बहुतेक विकार तेलाची पातळी, शुद्धता, दाब व तापमान यांच्याशी निगडित असल्याने तेलाची नियमित तपासणी हा देखभालीचा पाया आहे.
२) विलंब, घसरण, धक्का, थरथर, आवाज, क्षीण रिटार्डर व गळती ही प्रमुख प्रारंभिक लक्षणे असून त्यांपैकी घसरण व दुधाळ तेल यांवर तत्काळ कार्यवाही आवश्यक आहे.
३) लक्षण कोणत्या परिस्थितीत दिसते यावरून कारणाचा शोध लागतो, म्हणून परिस्थितीची नोंद लक्षणाइतकीच महत्त्वाची आहे.
४) इलेक्ट्रॉनिक नियंत्रक झीज काही काळ झाकून ठेवतो, त्यामुळे इशारा दिवा हा प्रारंभिक सूचनेचा पर्याय होऊ शकत नाही.
५) चार प्रश्नांचे सुबोध नोंदपत्रक आणि नोंदीवरील कार्यवाही चालकास कळवण्याची पद्धत हे अल्पखर्चिक उपाय परिवहन संस्थांना सहज अवलंबता येतील.
६) बस मार्गावर बंद पडण्यापूर्वी तिच्यातील बदल सर्वांत आधी चालकाच्या कानाला, नाकाला व शरीराला जाणवतो. त्या जाणिवेला कागदावर स्थान देणे हे प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आणि सार्वजनिक निधीच्या बचतीसाठी अत्यावश्यक आहे.